तीनशे बावीस, मेडलर स्ट्रीट

१

पाकीट रिकामं होतं.

चर्चच्या तळघरातल्या कपाटात, फाइलीत, अकरा नंबरच्या खुणेमागे ते पारदर्शक पाकीट नेहमीसारखं नीट लावलेलं होतं. आतलं पत्र तेवढं गेलं होतं. शनिवार होता, पावणेदहा वाजले होते. वर पायऱ्यांवर तेवीस माणसं जमली होती. त्यांतल्या चौघांनी मला बाथरूम कुठे म्हणून विचारलं होतं आणि एका बाईंनी, ही फेरी सावलीतून जाते का, अशी चौकशी केली होती. त्यात हे.

मी ओडेसा पर्नेल. बत्तीस वर्षं फिलाडेल्फियात दारोदार टपाल टाकलं. निवृत्त झाल्यावर पाय वर करून बसायचं ठरवलं होतं, पण विंगेट मास्तरांनी गळ घातली. थॅडियस विंगेट शाळेत इतिहास शिकवायचे. सव्वीस वर्षं ते दर शनिवारी लोकांना जुन्या सातव्या वॉर्डातून पायी फिरवतात आणि आमच्या काळ्या माणसांचा इतिहास दारादारांशी उभं राहून सांगतात. गेली नऊ वर्षं मी त्यांच्यामागून चालते, डोकी मोजते, रेंगाळणाऱ्यांना हाकते आणि चित्रांचे मोठे पुठ्ठे वाहते. आभार कोणी मानत नाही. फोटोत मी नेहमी अर्धी येते.

फेरीचा अकरावा आणि शेवटचा थांबा म्हणजे मेडलर स्ट्रीटवरचं तीनशे बावीस नंबरचं विटांचं तीन मजली घर. हेस्टर मॅब्री नावाची शिवणकाम करणारी बाई तिथे राहायची आणि दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना माळ्यावर लपवायची, असं मास्तर सांगायचे. पुरावा एकच. त्या घरातून पुढे उत्तरेला सुखरूप पोचलेल्या एका बापानं हेस्टरला पाठवलेलं पत्र. वर तिचं नाव आणि पत्ता, ३२२ मेडलर. आता घराच्या मालकाला ते पाडून इमारत बांधायची होती. मंगळवारी नगरपालिकेच्या वारसा समितीपुढे सुनावणी होती आणि समितीनं अस्सल पत्र घेऊन या असं लेखी कळवलं होतं.

मी मास्तरांना खाली बोलावलं. त्यांनी पाकीट पाहिलं, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, लोकांना काही सांगू नका, फेरी वेळेवर निघेल. रेनेल, आमची दुसरी मार्गदर्शक, वय चौतीस, दारातूनच म्हणाली की हे ग्रीयरचंच काम. लमाँट ग्रीयर म्हणजे घराचा मालक.

कुलूप फोडलेलं नव्हतं. मी मास्तरांना विचारलं, कपाट शेवटचं कोणी उघडलं. त्यांनी चष्मा पुसला. "गुरुवारी रेनेल तुमची किल्ली घेऊन आली होती ना?" एवढंच म्हणाले. रेनेलनं त्यांच्याकडे असं पाहिलं की मला मध्येच खोकावं लागलं.

फेरी निघाली. शेवटच्या थांब्यावर मास्तर नेहमीपेक्षा चांगलं बोलले. दोन बायकांनी डोळे पुसले. समोरच्या फुटपाथवर ग्रीयर कॉफीचा कप घेऊन उभा होता. लोक पांगल्यावर तो रस्ता ओलांडून माझ्याकडे आला.

"पर्नेलमावशी, मास्तरांना आठवण करा," तो म्हणाला. "मंगळवारी पत्र आणायला विसरू नका म्हणावं. मी वाट बघतोय त्या पत्राची."

२

रेनेलला मी कोपऱ्यावरच्या दुकानात बसवलं आणि तिच्यापुढे माशाचं सँडविच ठेवलं. रिकाम्या पोटी ही मुलगी सरळ बोलत नाही. भरल्या पोटीही फारसं बोलत नाही, पण तेव्हा निदान ओरडत नाही.

गुरुवारी चार वाजता तिनं माझ्याकडून किल्ली नेली होती, ते मला माहीत होतंच. कशासाठी, हे मी विचारलं नव्हतं, ही माझी चूक. तिला पत्राचे फोटो काढायचे होते. फेरीचा सगळा मजकूर फोनवर टाकायचा, म्हणजे चालू न शकणाऱ्यांनाही घरबसल्या ऐकता येईल, असा तिचा बेत. मास्तरांना तो बेत म्हणजे त्यांच्या मरणाची तयारी वाटायची. दोघांचं यावरून सहा महिने वाजत होतं आणि मधे बसून ऐकायचं काम माझं.

तिनं कपाट उघडलं तेव्हा पत्र जागेवर होतं, नेहमीसारखं पत्त्याची बाजू वर करून घडी घातलेलं. हातमोजे घालून तिनं पाकीट टेबलावर ठेवलं, तेवढ्यात मास्तर आले. जुन्या कागदावर कॅमेऱ्याचा उजेड पाडते म्हणून तिला झापलं. ती चिडून निघून गेली. कपाट मास्तरांनी बंद केलं आणि किल्ली जिन्यात तिच्या हातात आणून दिली.

मास्तर तर वेगळंच सुचवत होते. मी तिला तसं सांगितलं.

तिनं सँडविच बाजूला सरकवलं. "ओडेसामावशी, तुम्हालाही वाटतं मी घेतलं?"

मी म्हटलं, मला अजून काहीच वाटत नाही, मला फक्त गुडघे दुखतायत असं वाटतं. तिला ते आवडलं नाही. आवडावं म्हणून मी बोललेही नव्हते. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होतं आणि दोघांना मी नऊ वर्षं ओळखत होते.

३

कपाटाच्या किल्ल्या तीन. एक माझी, एक मास्तरांची, एक वर्डेलची. वर्डेल टिलमन चर्चची देखभाल करते. ती आणि मी एकाच गल्लीत वाढलो, त्यामुळे तिला माझ्याशी गोड बोलायची गरज वाटत नाही.

तिनं मला जिन्यातच अडवलं, कारण तिनं शुक्रवारी सकाळी तळघराच्या लाकडी जमिनीला वॉर्निश लावून घेतलं होतं आणि शनिवारी आम्ही सगळे बूट घालून धडधडत त्यावर गेलो, याचा तिला राग होता. मी विचारलं, शुक्रवारी कोणी आत आलं असेल का. ती म्हणाली, आलं असतं तर पावलं उमटली असती. शनिवारी सकाळी तिनं स्वतः जमीन पाहिली तेव्हा ती आरशासारखी होती. तिच्यानंतर पहिलं पाऊल माझं.

म्हणजे पत्र गुरुवारीच गेलं होतं. आणि गुरुवारी खाली फक्त रेनेल आणि मास्तर गेले होते. वर्डेल त्या वेळी वरच्या स्वयंपाकघरात, जिन्यासमोरच होती आणि ग्रीयर तर तिनं महिनाभरात चर्चमध्ये पाहिलाच नव्हता.

जाता जाता मी तिच्या झेरॉक्स मशीनबद्दल बोलले आणि तिथे फसले. पत्राच्या आमच्याकडे ज्या प्रती आहेत त्यांच्या वरच्या बाजूची पट्टी कापली गेलेली आहे. पहिली ओळ नाहीच. मास्तर नेहमी म्हणायचे, चर्चचं मशीन वरचं खातं. मी सहज म्हटलं, अगं, त्या मशीनचं काहीतरी कर.

वर्डेल तडक कार्यालयात गेली आणि गेल्या दहा-बारा रविवारच्या भजनपत्रिका आणून माझ्या हातात कोंबल्या. प्रत्येकीवर अगदी कडेपर्यंत अक्षरं होती.

"माझं मशीन काही खात नाही," ती म्हणाली. "मास्तरांनी कागद वर सरकवून ठेवला असेल. त्यांना विचार. आणि बूट काढून ये पुढच्या वेळी."

४

ग्रीयरला मी रविवारी चर्च सुटल्यावर त्याच्या आईच्या घरी गाठलं. त्याच्या आईच्या पेटीत मी एकवीस वर्षं टपाल टाकलंय, त्यामुळे तिनं आधी मला जेवायला बसवलं. कोलार्डच्या पानांची भाजी, मक्याचा पाव, शेवटी पीचची गोड पेस्ट्री. ज्याच्यावर चोरीचा संशय घ्यायचा त्याच्याच आईच्या हातचं दोनदा वाढून घेतल्यावर चेहरा कडक ठेवणं कठीण जातं.

आई आत गेल्यावर मी त्याला सरळ विचारलं, पत्र तू नेलंस का.

तो हसला नाही, याचं मला बरं वाटलं. त्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, पत्र गेलंय का. मग हात पुसले आणि सांगू लागला. अस्सल पत्र समितीपुढे ठेवा अशी मागणी मुळात त्याच्याच वकिलानं केली होती. मास्तरांनी अर्जाला जोडलेल्या प्रतीत वरची ओळ नाही, हे त्या वकिलाच्या लक्षात आलं. तिथे काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण कोणी एखादी ओळ इतकी वर्षं झाकून ठेवत असेल तर ती वाचण्यासारखी असणार एवढं त्यांना कळत होतं.

"मावशी, पत्र आलं नाही तर समिती प्रतीवर काम चालवेल," तो म्हणाला. "मग मी हरेन. मी कशाला चोरू? आईला आता जिना चढवत नाही. मी तिथे तळमजल्यावर तिच्यासाठी खोल्या बांधतोय, आणि ही पोरगी रेनेल सगळीकडे लिहिते की मी आपल्या लोकांचा इतिहास विकतोय. माझी पणजी त्याच वॉर्डात धुणं धुवायची. माझा इतिहास नाही का तो?"

मी पेस्ट्रीबद्दल त्याच्या आईचे आभार मानले आणि निघाले.

दोन दिवस मी चुकीचा प्रश्न विचारत होते. पत्र कोणाला हवं आहे, हे मी शोधत होते. पत्राची भीती कोणाला आहे, हे विचारायला हवं होतं.

५

घरी येऊन मी पत्राचा तो मोठा पुठ्ठा स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवा टाकला. नऊ वर्षं दर शनिवारी मी तो काखेत मारून हिंडले आहे. त्या काळी कागदाची घडी घालून वर पत्ता लिहायचे आणि तीच बाजू पाकिटाचं काम करायची. पुठ्ठ्यावर पत्राच्या दोन्ही बाजू मोठ्या करून चिकटवल्या आहेत. मजकुराच्या बाजूला वरची ओळ नाही. पत्त्याची बाजू पूर्ण आहे. हेस्टर मॅब्रीचं नाव, ३२२ मेडलर स्ट्रीट, आणि कोपऱ्यात तिकीट.

मी तिकिटाकडे पाहिलं आणि मला स्वतःला चार शब्द सुनावावेसे वाटले.

तिकिटाला दात नव्हते.

आपण तिकीट फाडतो तेव्हा कडेला ती बारीक दातेरी नक्षी राहते. ती आपल्या देशात अठराशे सत्तावन्न साली सुरू झाली. त्याआधी तिकिटांचे कागद सलग यायचे आणि टपालबाबू कात्रीनं कापायचे. हे तिकीट कात्रीनं कापलेलं होतं, एका बाजूला तर तिरकं. नऊ वर्षं मी मास्तरांच्या तोंडून ऐकत आले होते की पत्र अठराशे एकोणसाठचं आहे. उरलंसुरलं जुनं तिकीट कोणी दोन वर्षांनी चिकटवलंच नसेल असं नाही. पण मग तारखेची ओळ झाकायची काय गरज?

सत्तावन्न साली या शहरात आणखी एक गोष्ट झाली होती. मी नोकरीला लागले तेव्हा एक म्हातारे पोस्टमन आम्हा नवख्यांना ती सांगायचे. आधी घरांचे नंबर रस्त्याच्या सुरुवातीपासून ओळीनं चालायचे. मग शहरानं ठरवलं की प्रत्येक चौकापासून नवा शेकडा धरायचा. शंभर, दोनशे, तीनशे. एका झटक्यात प्रत्येक घराचा नंबर बदलला आणि टपालवाल्यांच्या नाकी नऊ आले.

पत्र त्याआधीचं असेल, तर त्यावरचं तीनशे बावीस म्हणजे आजचं तीनशे बावीस नव्हेच. एका चौकात शंभर घरं नसतातच, म्हणून ओळीनं मोजत गेलं तर ते आणखी तीन चौक दक्षिणेला येतं. मी ते मनातल्या मनात मोजलं. त्या रस्त्यावर मी सहा वर्षं टपाल टाकलंय. तीन चौक दक्षिणेला काय आहे, ते मला माहीत होतं.

आणि शनिवार सकाळ पुन्हा आठवली. जो माणूस कपाळावरचा चष्मा अर्धा तास घरभर शोधतो, त्यानं ते पत्र कपाटाखाली वाकूनसुद्धा शोधलं नव्हतं.

६

सोमवारी सकाळी मी मास्तरांच्या दारात उभी राहिले. त्यांनी दार उघडलं, माझ्या काखेतला पुठ्ठा पाहिला आणि बाजूला झाले.

मी तिकिटावर बोट ठेवलं. बाकी काही बोलावं लागलं नाही. ते आतल्या खोलीत गेले आणि इस्त्रीच्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं पत्र घेऊन आले. पहिल्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं, सिराक्यूज, ९ ऑक्टोबर १८५५.

अकरा वर्षांपूर्वी एका जुन्या नोंदवहीत घरांच्या बदललेल्या नंबरांची यादी चाळताना त्यांच्या ते लक्षात आलं होतं. त्याच दुपारी ते चालत खऱ्या जागी गेले. तिथे एका औषधाच्या दुकानामागचं गाड्या लावायचं मैदान होतं. तेव्हा ते पाऊण तास तिथे उभे राहिले होते म्हणे. त्यानंतर त्यांनी पत्राचं साल एकोणसाठ सांगायला आणि प्रतींवरची पहिली ओळ कापायला सुरुवात केली.

"तिथे उभं राहून मी लोकांना काय दाखवू, ओडेसा?" ते म्हणाले. "डांबर? आपलं सगळं असंच गेलं. घरं गेली, शाळा गेल्या, कबरींवर रस्ते गेले. एक घर उभं होतं. ते बघून लोक रडायचे. हेस्टर खोटी नव्हती. पत्र खोटं नव्हतं. तीन चौकांचा फरक, बस."

मी म्हटलं, तीन चौकांसाठी तुम्ही रेनेलला चोर ठरवलंत.

मी तेवढ्यावर थांबले नाही. बत्तीस वर्षं मी कुत्री, बर्फ आणि चुकीचे पत्ते सहन केले, पण चुकीच्या पत्त्यावर मी कधी जाणूनबुजून टपाल टाकलं नाही, असं मी त्यांना सांगितलं. तो लमाँट, त्याची आई, ती पोरगी, या सगळ्यांना त्यांनी एका तारखेपायी खलनायक केलं होतं. आणि हेस्टरचं काय? त्या बाईनं जीव धोक्यात घालून जे दार उघडलं, ते दार तिचं होतं. शेजारचं चालेल, असं तिच्या बाबतीत म्हणायचा अधिकार त्यांना कोणी दिला?

त्र्याहत्तर वर्षांच्या माणसावर ओरडून मला बरं वाटत नव्हतं. त्याचाही मला रागच आला.

"उद्या कोण सांगणार?" त्यांनी विचारलं. "तुम्ही की मी?"

"तुम्ही," मी म्हटलं. "आणि आज रेनेलकडे जायचं. आत्ता. तुम्ही कोट घालेपर्यंत मी थांबते."

७

रेनेलनं दार उघडून त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. मला तेही रास्त वाटलं.

मंगळवारी मास्तर समितीपुढे उभे राहिले. त्यांनी तारीख वाचली आणि घर चुकीचं असल्याचं सांगितलं. अकरा वर्षं आपल्याला ते माहीत होतं आणि पत्र आपणच लपवलं होतं, हेही सांगितलं. मग कोणी न सांगता त्यांनी पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. आम्ही उद्या इथून निघू आणि नदी ओलांडून कॅनडात जाऊ, असं त्या बापानं लिहिलं होतं. तुम्ही मुलीला दिलेले बूट तिला अजून मोठे होतात, पण ती ते झोपतानाही काढू देत नाही.

समितीनं ग्रीयरला घर पाडायची परवानगी दिली. तो बाहेर येऊन मास्तरांशी हात मिळवून गेला. मला मात्र पुढचे चार दिवस फोन येत राहिले. वॉर्डातलं एक जुनं घर मी घालवलं, असं निम्म्या लोकांचं म्हणणं होतं. मास्तरांना या वयात लोकांसमोर उभं केलं, असं बाकीच्यांचं. वर्डेलनं दोन्ही म्हटलं.

शनिवारी एकोणीस माणसं आली. मास्तर पायऱ्यांवर होते, पण फेरी मी हाकावी असं म्हणत होते. मी साफ नाही म्हटलं. दहा थांबे ते हळू आवाजात बोलले. मग आम्ही तीन चौक जास्त चाललो, त्यावरून दोघांनी कुरकुर केली, आणि औषधाच्या दुकानामागे वळलो.

तिथे रेनेल गुडघ्यांवर बसली होती. शेजारी जुन्या नकाशाची प्रत आणि मोजपट्टी. तिनं त्या मैदानात खडूनं घराच्या भिंती आखल्या होत्या. चौदा फूट रुंद, मागे जिन्याची जागा, रस्त्याच्या बाजूला दारापुरती सोडलेली फट. आमच्याकडे न बघता ती म्हणाली की माप नीट जुळवायला तिला तीन दुपारी लागल्या, आणि मास्तरांना बोलायचं असेल तर त्यांनी पुढच्या खोलीत उभं राहावं, कारण मागच्या भागात तेल सांडलंय.

मास्तर आत जाऊन उभे राहिले. सुरुवात झाली तेव्हा आवाज नेहमीचा नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. मध्येच एक गाडी वळून आली. ड्रायव्हरला नेमकी तीच जागा हवी होती. त्यानं हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला. मी त्याच्याकडे जाऊन पाच मिनिटं थांब म्हटलं. इथे तर काहीच नाही, असं तो म्हणाला. मी वळून पाहत होते.

मास्तरांचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून बाहेर उभी असलेली माणसं आता आत जात होती. नुसत्या खडूच्या रेघा होत्या, एका पावलात ओलांडता आल्या असत्या. एकानंही ओलांडली नाही. सगळी त्या फटीशी थांबली, एकमेकांना वाट देत, आणि एकेक करून दारातून आत गेली.